बोटीतले वाटाणे

तीर्थरूप ताईस,

दुकानाच्या गल्ल्यामागून, तराजू जरा बाजूला सारून, तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? डावा सुधारतोय असं भाची फोनवर म्हणाली. उजव्याचं तिने नावच काढलं नाही, तेव्हा तो अजून रुसलेला असावा असं मी धरून चालतो. लेकीकडे गेली आहेस तर तिथे आराम कर, तिची कपाटं लावत बसू नकोस. (लावून झाली असतील, तर निदान परत उपसू नकोस.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस.

दुकान उत्तम चाललं आहे. तांदूळ आहे, साखर आहे, साबण आहेत. वाटाण्यांचा विषय पुढे येईल.

आमची लेक, तुझी लाडकी बेडकी, मजेत आहे. येत्या रविवारी तळ्यावर बोटीमागच्या लाटेवर फळी चालवणाऱ्या क्लबच्या संघाची निवड आहे आणि इथून एकच जण घेणार आहेत. गेल्या वर्षी पोरगी छान उभी राहिली, पण आपल्या बोटीमागची लाटच बसकी, ती बिचारी त्यावर करणार काय! परत आल्यावर जेवली नव्हती, तुझ्याच मांडीवर झोपली होती. यंदा तसं होऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. बोट जड केली की ती पाण्यात खोल बसते, आणि मागे उठणारी लाट उंच होते. मग दोरी सोडून नुसत्या फळीवर त्या लाटेच्या जोरावर पुढे जाता येतं. (तुला हे ठाऊक आहे. पण बोटीच्या मिस्त्रींनी मला ते इतक्यांदा समजावलं की आता मी दुकानात साबण घ्यायला आलेल्यालाही सांगतो.)

मिस्त्रींनी नियम घालून दिले. सुकाणूपाशी पाटी आहे, तिच्यावरच्या आकड्याच्या वर वजन जायचं नाही आणि त्यात माणसंही धरायची. भार तळाशी हवा, बांधलेला हवा, फार पुढे नको. आणि पाणी भरायच्या पिशव्याच घ्यायच्या, काम झालं की पंपाने रिकाम्या करायच्या. शेवटचा नियम ऐकून मला हसू आलं. दुकानभर पोती रचलेली असताना माणसाने पाणी भरायला पिशव्या विकत आणाव्यात? पोत्यावर वजन छापलेलं असतं, पोतं मऊ असतं, बोटीला ओरखडा पडत नाही. मी वाटाण्याची पोती नेली. दोन्ही बाजूंना सारखी ठेवली, तळाच्या कप्प्यांत बांधली, झाकणं घट्ट लावली, आकडा पाटीशी ताडून पाहिला. स्वतःवर इतका खूश मी लग्नातही नव्हतो.

ताई, बोटीच्या तळाशी थोडं पाणी नेहमीच साचतं. हे मला ठाऊक होतं. वाटाणा भिजला की फुगतो हे तर मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. पण या दोन गोष्टी डोक्यात एकमेकींना भेटल्या नाहीत. सकाळी जाऊन बघतो तर बोट एका अंगावर कललेली, कारण पाणी एकाच बाजूला जास्त साचलेलं. झाकण वर फुगलेलं, आतून कुरकुर येतेय. मिस्त्रींनी पहार लावली मात्र, झाकण उडालं आणि वाटाणे अंगावर आले. उरलेल्यांनी पाणी उपसायचा पंप गच्च भरला होता. मिशीतला वाटाणा काढून मिस्त्रींनी माझ्या हातात ठेवला आणि चहाला गेले. तेव्हापासून आपल्या घरी तिन्ही त्रिकाळ वाटाणे आहेत, आणि तुझी भावजय माझ्याशी गरजेपुरतंच बोलते आहे.

मग मी माणसं बसवायची ठरवली. मेव्हण्याला मागच्या कोपऱ्यात बसवलं, हलायचं नाही अशी शपथ घातली. लाट झकास उठली, बेडकी तिच्यावर उभी राहिली, आणि याचा फोन वाजला. नीट ऐकू येईना म्हणून हे महाशय उठून थेट बोटीच्या नाकाशी! नाक खाली गेलं, पाणी आत आलं, मागची लाट मेली, पोरगी पडली. कुणाला काही झालं नाही. (फोन गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.) मिस्त्री म्हणाले, “शेठ, भार उठून चालायला लागला की बोट बुडते. आता तरी पिशव्या आणा.”

आणल्या. आता लाट खरोखर सुंदर उठते. पण पोरगी पडली की काठाकडे बघते. तिथे टॉवेल घेऊन ओरडणारी तू नसतेस. तू रागावल्याशिवाय तिला पडल्यासारखंच वाटत नाही. मलाही दुकानात चुकल्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू. तेव्हा रविवारी ये. काठावर उभं राहणं गुडघ्यांना झेपायचं नाही, म्हणून बोटीतच बस. एकदा बसलीस की तू कुणासाठी उठत नाहीस, हे मी मिस्त्रींना सांगितलं आहे. चढायला त्यांनी पायरीही ठोकली आहे.

तुझा,
धाकटा

ता.क. पाटीवरचा आकडा आता काठोकाठ भरला आहे. तू बसलीस तर तितकंच पाणी काढावं लागेल. तेव्हा उलट टपाली तुझं वजन कळव. डॉक्टरांना सांगतेस ते नको, खरं कळव. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे.

ता.क. पुन्हा. कळवू नकोस. बेडकीने मागून वाचलं आणि माझ्यावर उखडली. आत्याला असं विचारतात का, म्हणाली. ती तुझ्या बाजूची सबंध पिशवीच रिकामी करणार आहे. मी म्हटलं, अगं, आत्या त्या पिशवीहून हलकी निघाली तर ऐन निवडीच्या दिवशी लाट लहान होईल. “होऊ दे लहान,” म्हणाली, “आत्या बोटीत हवी.” तू ये.