बादलीविरुद्ध मी

४ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. वाचनालयाच्या इतिहासात मोठी गोष्ट घडणार आहे. तिची नोंद कुणीतरी ठेवायला हवी आणि बाकीच्यांचं अक्षर वाईट आहे.

यंदा कार्यवाहपदाची निवडणूक ऑनलाइन. कल्पना माझी. चौदा वर्षं मीच कार्यवाह आहे. दर वर्षी सभेत हात वर करून निवड होते. मी समोर उभा राहून एकेकाकडे बघतो आणि सगळे हात वर करतात. याला एकमत म्हणतात. पण यंदा कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई उभ्या राहताहेत. त्यांचे पेशंट सभेला गर्दी करणार. माझा सभासद तसा नाही. तो घरात बसणारा, शांत, अबोल. त्याला घरबसल्या मत देता आलं की विषय संपला.

हिला हे सगळं समजावलं. तो अबोल आहे तर त्याच्या मनात काय आहे ते तुम्हाला कसं कळलं, असं ही म्हणाली. उत्तर तयार होतं. पण चहा गार होत होता.

७ फेब्रुवारी
सिस्टिम भाची बनवतेय. ती एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते. पगार घेऊन. स्वभावाला साजेसं काम मिळालं की माणूस पुढे जातो. खऱ्या निवडणुकीआधी चाचण्या घ्याव्या लागतील म्हणाली. उमेदवार खोटे, मतदार खरे. खोटी नावं सुचवा, असं ग्रंथपालबाईंना म्हटलं. त्यांनी बसल्या जागेवरून खोलीभर नजर फिरवली आणि सांगितलं: पंखा, शिडी, बादली.

बादली म्हणजे वाचायच्या मोठ्या टेबलावर मधोमध ठेवलेली निळी. वरून पाइप गळतो. थोडासाच. दोन वर्षं. काम प्रस्तावित आहे.

चौथं नाव माझं घालायला सांगितलं. कशाला, असं भाचीने विचारलं. म्हटलं, लोकांच्या बोटाला माझ्या नावाची सवय होऊ दे. हे ऐकून तिने नुसतं टाइप केलं. ती प्रभावित झाली की अशीच गप्प होते.

१२ फेब्रुवारी
पहिली चाचणी. निकाल:
बादली ६१. शिडी १४. मी ९. पंखा ५.

सिस्टिममध्ये गंभीर दोष आहे. भाचीला ताबडतोब फोन केला. तिने सगळं पुन्हा तपासलं आणि दोष नाही म्हणाली. दोष सापडत नाही, हाच सगळ्यात गंभीर दोष.

(पंख्याला मात्र हरवलं. हे कुणी बोलत नाही.)

१३ फेब्रुवारी
रात्रभर विचार केला. उलगडा झाला. भाचीने वर्णक्रमाने लावलेल्या यादीत बादली दुसरी होती. फोन हातात धरला की अंगठा आपोआप दुसऱ्या ओळीवर पडतो. स्वतःच्या अंगठ्यावर प्रयोग केला, पडला. पुढच्या चाचणीत दुसरा मी.

१६ फेब्रुवारी
दुसरी चाचणी. बादली ७०. मी ६.

दुसऱ्या ओळीचा सिद्धांत मागे घेत आहे. शास्त्र असंच पुढे जातं.

खरी अडचण फोटोची. नुसतं नाव वाचून माणसाचं व्यक्तिमत्त्व कसं कळणार? उद्याच स्टुडिओत जाणार. कोट घालून.

१८ फेब्रुवारी
फोटो चांगला आला. नजर दूरवर आहे. भाची म्हणाली, एका उमेदवाराला फोटो आणि बाकीच्यांना नाही, असं चालणार नाही. तिने तिघांचेही फोटो काढले. बादलीचा फार चांगला आला. खिडकीतला उजेड बरोबर कडेवर पडलाय. मुद्दाम केलं का, असं विचारलं. मामा, ती हलत नाही ना, म्हणून चांगला येतो, म्हणाली.

२० फेब्रुवारी
तिसरी चाचणी. आकडे लिहीत नाही. कल बदललेला नाही.

आज सिस्टिमची सुरक्षा स्वतः तपासली. एकच माणूस पुन्हा पुन्हा मत देऊ शकतो का? देऊ शकत नाही. सगळ्या बाजूंनी प्रयत्न करून बघितला. जबाबदार माणसाने हे करायलाच हवं. पण सिस्टिमने दुपारी सगळ्या सभासदांच्या फोनवर आपण होऊन संदेश पाठवला, की एका सभासदाने तेरा वेळा मत देण्याचा प्रयत्न केला. नाव गुप्त ठेवलं होतं. सभासद क्रमांक दिला होता. क्रमांक एक.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई वाचनालयाच्या पायरीवर भेटल्या. सुरक्षा अगदी चोख आहे हो तुमची, म्हणाल्या. विरोधकसुद्धा मान्य करतात. नोंद ठेवलेली बरी.

२२ फेब्रुवारी
बादलीचं नाव काढून टाकू का, असं भाचीने विचारलं. साफ नकार दिला. बादलीला घाबरून मैदान सोडणाऱ्यांतला मी नाही. हरवीन तर समोरासमोर.

त्याप्रमाणे आज वाचायच्या खोलीत प्रचार केला. उभं राहून मुद्देसूद बोललो. बादलीकडे शिक्षण नाही, अनुभव नाही, दूरदृष्टी नाही. वरून येईल ते घ्यायचं, एवढंच तिचं धोरण. भाषण चांगलं रंगलं. फक्त मधे मधे थेंब पडत होता आणि प्रत्येक थेंबाला सगळे तिकडे बघत होते. वर्तमानपत्रांपाशी बसणारे रिटायर्ड पोस्टमन शांतपणे म्हणाले, "पण साहेब, ती रोज जागेवर असते."

यावर लोक हसले. का ते कळलं नाही. मी सोमवार आणि गुरुवार असतो. कधी कधी.

घरी येऊन हिला सरळ विचारलं. तू तरी मत कुणाला दिलंस?
"बादलीला," ही म्हणाली. भाजी चिरताना मान वर न करता. "मी त्या टेबलाशी बसते तेव्हा माझं पुस्तक कोरडं कोण ठेवतं?"
म्हटलं, आणि खऱ्या निवडणुकीत?
"खऱ्याचं खऱ्याला बघू."

घरातच फितुरी. पण मी खचलेलो नाही. उलट आता लढाईला रंग चढलाय.

२४ फेब्रुवारी
रणनीती ठरली. बादलीचा सगळा जोर त्या पाइपावर आहे. पाइप बंद, बादली बंद.

प्लंबरला बोलावलं. दोन वर्षांचं प्रस्तावित काम त्याने चहा यायच्या आत संपवलं. एवढंसंच होतं, आधी का नाही बोलावलंत, असं विचारत होता. धोरणात्मक बाब होती, असं सांगितलं. मग स्वतःच्या हाताने बादली उचलली, पाणी झाडांना घातलं आणि तिला मागच्या खोलीत नेऊन पालथी ठेवली. बाहेर आलो तेव्हा छातीत काहीतरी भरून आलं होतं. विजयाची चाहूल असावी.

२५ फेब्रुवारी
वाचायच्या खोलीत आज बसायला जागा नव्हती. मोठं टेबल कोरडं. त्याच्या मधल्या जागेवर दोन वर्षांत कुणी कोपर टेकलं नव्हतं, तिथे आज चौघे दाटीवाटीने बसले होते. ग्रंथपालबाईंनी ओल धरलेली जाड पुस्तकं काढून उन्हात पसरली. सगळे खूश. मी दारात उभा राहिलो, आभार मानायला सोपं जावं म्हणून.

पोस्टमन म्हणाले, बादलीने करून दाखवलं शेवटी.

चौथी आणि शेवटची चाचणी. बादली ८२. मी ४. शिडी पुढेच. पंख्याशी बरोबरी.

म्हणजे पदावरून दूर केलं तरी लोक तिच्या मागे. भावनेच्या आहारी गेलेला समाज. याला ऑनलाइन काय आणि ऑफलाइन काय.

२६ फेब्रुवारी, दुपार
भाची अहवाल घेऊन घरी आली. सिस्टिम तयार आहे. मी म्हटलं, शेवटी शेरा लिही, किरकोळ शंका बाकी. तिने लॅपटॉप मिटला. मग लहानपणी खोटं बोललेलं कबूल करताना बोलायची तशा हळू आवाजात म्हणाली, "मामा, सिस्टिम बरोबर आहे. मी पहिल्या दिवसापासून तेच सांगतेय. ती बरोबरच मोजते."

आत कुकरची शिट्टी झाली.

मग ती म्हणाली, अजून वेळ गेलेली नाही. हात वर करून निवड घ्यायची असेल तर कार्यवाह म्हणून तुम्ही ठरवू शकता. डॉक्टरीणबाईंनाही विचारलंय, त्यांची हरकत नाही.

हे खरं आहे. सभा घेतली, समोर उभा राहिलो, एकेकाकडे बघितलं, की हात वर होतील. चौदा वर्षं होताहेत. पेशंट आले तरी होतील. माझ्या नजरेत काय आहे ते मला माहीत आहे.

संध्याकाळपर्यंत विचार करतो असं सांगून तिला पाठवलं.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ
नाही. ऑनलाइनच. मी जाहीर केलंय, मी चाचण्या घेतल्यात, आता मीच मागे फिरलो तर लोक म्हणतील, बादलीला घाबरला. भाचीला तसा निरोप दिला. तिने उत्तरात नुसता अंगठा पाठवला. मग थोड्या वेळाने आणखी एक.

शिवाय खऱ्या निवडणुकीत बादली नाहीच. शिडी नाही, पंखा नाही. फक्त मी आणि डॉक्टरीणबाई. चाचणीत लोकांनी गंमत केली असणार. गंमत करायला खोट्या निवडणुकीइतकी चांगली जागा कुठली? उगाच मनाला लावून घेतलं.

१ मार्च, सकाळ
मतदान सुरू. सगळ्यात आधी मत दिलं. एकदाच.

अंदाज: मी ऐंशी, डॉक्टरीणबाई पंचवीस ते तीस. त्यांना फार कमी पडू नयेत अशी इच्छा आहे. बाई मनाने वाईट नाहीत. निकालानंतरचं भाषण तयार केलं. सुरुवातीलाच त्यांचं कौतुक आहे. दाढी केली. स्टुडिओतला कोट इस्त्रीला दिला.

ही दुपारी फोन घेऊन खिडकीशी बसली होती. मत देत होती की बहिणीशी बोलत होती, ते कळलं नाही. त्या बाजूने दोनदा गेलो. तिने फोन उलटा केला.

१ मार्च, संध्याकाळ
निकाल लागला. कोट घातला नाही.

२ मार्च
डॉक्टरीणबाई १०४. मी २.

काल सगळ्यांसमोर त्यांचं अभिनंदन केलं. कौतुकाचा भाग पाठच होता, तो वापरला. त्यांनी दोन्ही हातांनी हात धरला आणि पाइपाचं काम फार चांगलं झालं म्हणाल्या. मन लावून म्हणाल्या. किल्ल्या दिल्या. सिस्टिमबद्दल शंका आहे का, असं भाचीने सभेतच विचारलं. नाही, असं सांगितलं. आवाज नीट निघाला.

दोन मतांतलं एक माझं. राहिलं एक. आज सकाळपासून सात जण भेटून सांगून गेले, की ते मत त्यांचं. पोस्टमननी छातीवर हात ठेवून सांगितलं. ग्रंथपालबाईंनी फोन करून. प्लंबरनेसुद्धा सांगितलं, तो तर सभासदही नाही. सगळ्यांचे आभार मानले.

हिने काही सांगितलं नाही.

दुपारी जेवायला दोघंच होतो. हिने वाढलं आणि समोर बसली. आज विचारायचंच असं ठरवून बसलो होतो. दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा म्हणालो, मीठ कमी आहे. दुसऱ्यांदा म्हणालो, नाही, बरोबर आहे.