शेततळं, तुळशीदादा आणि माझा शांत स्वभाव

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. निश्चय: यंदा कोणावर हात उचलायचा नाही. तसा स्वभाव मुळातच शांत. फॅक्टरीतल्या एवढ्या वर्षांच्या सर्व्हिसमध्ये मारामारी फक्त तीनदा, आणि तिन्ही वेळा चूक समोरच्याची. रिटायर होताना साहेब म्हणाले होते, हरिचंद्र, आता कशात तरी मन रमवा.

ठरलं. शेती. सोनिवलीला वडिलोपार्जित जमीन आहेच. वरचा तुकडा माझा, खालचा थोरल्या भावाचा, तुळशीदादाचा. तो तिथेच राहतो, भात लावतो. मी अंबरनाथला फ्लॅटमध्ये. सरकार शेततळ्याला अनुदान देतंय. पावसाचं पाणी साठवा, उन्हाळ्यात ठिबकवर भाजी घ्या. ऑनलाइन अर्ज टाकला. बायको म्हणाली, तुम्हाला कुंडीतला कढीपत्ता जगवता आला नाही. उमाला व्हिजन नाही. तिळगूळ खाल्ला, गप्प बसलो. बघा, शांत.

३ मार्च, सोमवार

सोडतीत नाव लागलं! पूर्वसंमतीचा मेसेज आला. कृषी सहायक प्रीती मॅडम जागा बघून गेल्या. म्हणाल्या, बांधापासून अंतर सोडा, भोवती कुंपण घाला, तळ्यात दोर सोडून ठेवा. तळ्यात अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरतो, आत पडलेला माणूस वर चढू शकत नाही. मान डोलावली. मॅडम चांगल्या आहेत, पण तरुण. घाबरट. कुंपणाने फोटोची वाट लागते.

२२ एप्रिल, मंगळवार

जेसीबी आला. खड्डा झकास. माती थोडी दादाच्या बाजूला पडली. थोडी म्हणजे त्याचा बांध दिसेनासा झाला एवढीच.

दादा ओरडत आला. राग आला की दहापर्यंत आकडे मोजायचे असं मी ठरवलं होतं. चारला त्याने माझी कॉलर धरली. मग माझा हात आपोआप हलला आणि त्याचं नाक मध्ये आलं. रक्त बरंच आलं. त्याने माझा कान चावला. साठी उलटलेला माणूस, पण दात सगळे शाबूत. पाळीचा तुकडा गेला तो गेलाच, मातीत शोधूनही मिळाला नाही. जेसीबीवाला मोबाइलवर शूटिंग करत होता.

टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, कुत्रा का? सख्खा भाऊ म्हणायची लाज वाटली. हो म्हणालो. आता रेबीजचा पूर्ण कोर्स घ्यावा लागतोय.

याला हात उचलणं म्हणता येणार नाही. निश्चय कायम.

३० मे, शुक्रवार

कागद अंथरून झाला. तळं असं चकचकतंय की डोळे दिपतात. उमाला स्कूटरवरून बघायला नेलं. तिने विचारलं, कुंपण कधी? पुढच्या वर्षी. दोर? आणतो. बोर्ड मात्र रंगवायला दिला: ‘जलमित्र हरिचंद्र यांचे आदर्श शेततळे’. ‘आदर्श’ मी स्वतःहून घालणार नव्हतो. पेंटरला सुचलंच नाही, म्हणून मग मीच सांगितलं.

१० जुलै, गुरुवार

तळं मनासारखं भरत नाही. टेकडीवरून एक ओहळ येतो, माझ्या जमिनीतून दादाच्या भातात जातो. कधीपासून जातो म्हणे. म्हणून काय कायम जायचं? दगड लावून तोंड तळ्याकडे वळवलं. पाऊस आठवडाभर गायब आहे, आणि दादाची लावणी नुकती झालीय. गोदूवहिनीने उमाला फोन केला, रोपं पिवळी पडली, मुळं सुकतायत. दादाची बायको, नवऱ्याचीच बाजू घेणार. मी उमाला समजावलं, जलसंधारणात त्याग असतो. तिने जेवण वाढलं नाही.

१३ जुलै, रविवार

सकाळी बघतो तर दगड काढलेले. परत लावले. चहा पिऊन आलो, परत काढलेले. तिसऱ्यांदा लावत होतो तेव्हा दादा काठी घेऊन आला. दोन काठ्या पाठीत घातल्या, वळ उठले. माझ्या हातात फावडं होतं. ते कामासाठी. मी ते निव्वळ बचाव म्हणून आडवं धरलं, त्याचं मनगट त्यावर येऊन आपटलं. दोनदा. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. दादा ओरडला नाही, खालीच बसला. तेवढ्यात गोदूवहिनीने मागून शेणाची पाटी माझ्या डोक्यात घातली. पाटी भरलेली होती.

पोलीस ठाण्यात दोघांनाही समज दिली. माझ्याजवळ बाकावर कोणी बसेना, वासामुळे. दादाने हात गळ्यात बांधलेला. हवालदार बाजूला गेले तसा तो हळू आवाजात म्हणाला, “हरी, हात गेला तर गेला. पन माजं भात मरतंय. पानी सोड.”

मी म्हणालो, “सरकारी काम आहे, दादा. त्यात अडथळा आणू नये.”

उत्तर मुद्देसूद होतं. झोप का लागत नाही कळत नाही. बहुतेक पाठीमुळे.

३ ऑगस्ट, रविवार

पाऊस परत आला, तळं काठोकाठ. दादाचं निम्मं भात तगलं म्हणतात, म्हणजे उगाच बोंब होती. बुधवारी प्रीती मॅडम पाहणीला येणार. जिओ-टॅग फोटो निघाला की अनुदान. पांढरा सफारी इस्त्रीला टाकला. भाषण तयार: पाणी अडवा, माणसं जोडा.

६ ऑगस्ट, बुधवार

पडून लिहितोय. बरगडीला तडा आहे, हसू नका असं डॉक्टर म्हणाले. हसायला काय आहे इथे!

मॅडम यायच्या आधी मी सफारी घालून काठावर उभा होतो, उमा मोबाइल घेऊन समोर. दादा प्लास्टरचा हात घेऊन आला. म्हणाला, मॅडमला सगलं सांगतो. मी त्याला प्रेमाने बाजूला करायला गेलो. त्याने प्लास्टरच माझ्या तोंडावर हाणलं. पुढचा दात ओठातून बाहेर आला. मी त्याच्या पोटात गुडघा घातला, त्याने माझे केस धरले, आणि दोघेही घसरत आत.

तळ खोल. कागदाला शेवाळ. पाय टेकेना, हात धरेना. दादाला पोहता येत नाही. मला येतं, सराव नाही. पाण्यातही त्याने मला दोन ठोसे घातले, मी त्याचं डोकं धरून बुडवलं. एकदाच. मग तो वर येईना.

ते थोडं वेगळं वाटलं. मी खाली हात घालून त्याची कॉलर पकडली आणि ओढला. वाद अर्धवट राहिला होता, म्हणून. तो माझ्या गळ्याला मिठी मारून बसला. लहानपणी नदीत मी त्याच्या गळ्याला बसायचो, तसा. श्वास घुसमटला, पण मी त्याला सोडलं नाही. सोडलं असतं तर जिंकलो असतो, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

गोदूवहिनी गवत कापत होती, ती कोयता घेऊन धावत आली. पायऱ्या करायला कागद फाडायलाच हवा होता. मी आतून ओरडलो, “कागदाला हात लावू नका, पाहणी आहे!” तोंडात रक्त आणि पाणी, तरी शब्द स्पष्ट होते. उमाने वहिनीच्या लुगड्याचा पदर स्वतःच्या कमरेला गुंडाळून घट्ट धरला आणि म्हणाली, “वहिनी, फाडा.”

फाडला. वरपासून पाण्याच्या आत पोचेल तिथपर्यंत. भोकांत बोटं घालून आधी दादा, मग मी. आम्ही काठावर पडतो न पडतो तोच कागदाखाली पाणी शिरून ती बाजू ढासळली. सगळं तळं धडधडत दादाच्या शेतात गेलं. बोर्डासकट.

मॅडम आल्या. फोटो काढला. जिओ-टॅग व्यवस्थित आला म्हणे.

२० ऑगस्ट, बुधवार

पोर्टलवर स्टेटस: अपात्र. अपील करणार. दादावर केस करणार. वहिनीवर कागदाची नुकसानभरपाई. उमा म्हणाली, मग साक्षीदार म्हणून मीही येते. वहिनीच्या बाजूने. सगळंच पुढे ढकललं.

२ नोव्हेंबर, रविवार

सोनिवलीला गेलो होतो. भांडायलाच. ढासळलेली माती दादाने उचलायला हवी, हा साधा मुद्दा.

दादा बांधावर बसला होता. जगलेलं भात पिकून आडवं पडलेलं. कापणीला माणूस मिळत नाही, सगळे बदलापूरच्या बांधकामांवर. वहिनी एकटीच कापत होती. दादाचा हात वाकडा जुळलाय. मूठ वळत नाही, विळा धरता येत नाही. वळवून दाखवली त्याने, मी विचारलं नव्हतं.

मुद्दा मांडायला मी तोंड उघडलं. वहिनीने दुसरा विळा माझ्या पायाशी टाकला.

संध्याकाळपर्यंत कापलं. मला कापता येत नाही. पेंढ्या सुटतात. बोट कापून घेतलं, कंबर सरळ होत नाही. कोणी आभार मानले नाहीत. मी मानतील म्हणून थोडा रेंगाळलो.

मी स्कूटरला किक मारत होतो तेव्हा दादा म्हणाला, “उद्या उन्हाच्या आधी ये. तुजा हात लय हलू चालतो.”

अलार्म लावलाय.