किरकोळ कारणावरून

प्रिय भोंगा,

बाबांनी ठेवलेलं हे नाव तुला अजून चालतं ना? की शाळेतल्या बाई झाल्यापासून राग येतो? आईचा गुडघा कुरकुरतोच आहे, आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम ती फक्त डॉक्टरांसमोर करते. बाबा टीव्हीशी भांडतात. टीव्ही ऐकून घेतो, म्हणून त्यांचं बरं चाललंय. मीही ठीक आहे असं लिहिणार होते, पण माझी झोप उडाली आहे, आणि ती एका शब्दाने उडवली आहे.

आमच्या वर्तमानपत्राचे जुने अंक संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आहे, हे तुला माहीतच आहे. तळघरातली ती खोली, शिंका, आणि हात लावला की तुकडे पडणारा कागद. परवा अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक आले. आपल्या आजीच्या काळात दुकानात धान्य काय भावाने मिळायचं, ते त्यांना हवं होतं. म्हटलं, हे तर सोपं. घाऊक भाव वगळून दुकानातले तेवढे निघावेत म्हणून मी शोधात ‘किरकोळ’ हा शब्द टाकला. तांदूळ निघाला, साखर निघाली, कांदे निघाले. आणि त्यांच्या मधेमधे बायका निघाल्या.

किरकोळ कारणावरून विवाहितेस मारहाण. किरकोळ बोलाचालीनंतर विवाहितेचा मृत्यू. नवऱ्याचं नाव, नोकरी, पत्ता सगळं छापलेलं. बाईला नाव नाही, ती नुसती विवाहिता. मी भाव बाजूला ठेवले आणि त्याच बातम्या वाचत सुटले. भाजीत मीठ जास्त पडलं, दार उशिरा उघडलं, माहेरी जाते म्हणाली. जिथे कारण दिलंय तिथे एवढंच. त्या काळच्या बातमीदारांच्या हाताला हा शब्द इतका बसला होता की तो लिहिल्याशिवाय बाई मरायचीच नाही. माणसं वाईट नसतील ती. नवरा पोलिसांना सांगायचा किरकोळ, पोलीस यांना सांगायचे किरकोळ, हे लिहून घ्यायचे आणि चहा प्यायला जायचे.

पण मी अडले ती एका कारकुनाच्या बायकोपाशी. तिची आधी नुसती दोन ओळींची बातमी आली होती: घरात वाद, हाताला दुखापत, आणि तिनेच पोलिसांना सांगितलं की काही नाही, किरकोळ आहे. पुढे काही महिन्यांनी तोच कारकून, तोच पत्ता, आणि या वेळी मोठा मथळा. पुढचं मी वाचू शकले नाही. बाहेर येऊन जिन्यात बसले.

तुझ्या पायात काटा रुतला होता ते आठवतं? रक्त थेंबभर, आणि तू असा सूर लावलास की अख्खी गल्ली गोळा झाली. शेजारचे काका तर आग लागली समजून पाण्याची बादली घेऊन धावले. त्या दिवसापासून तू भोंगा. लसीची सुई नुसती दिसली तरी दवाखाना डोक्यावर घ्यायचीस. तुझ्या आयुष्यात कुठलीच गोष्ट किरकोळ नव्हती ग. आम्ही चिडवायचो, पण मला ते फार आवडायचं. तुला दुखलं की सगळ्यांना कळायचं.

गेल्या रविवारी फोनवर तुझ्या मनगटाचं प्लास्टर दिसलं. मी विचारलं, तर तू आधी बाजूला बघितलंस. जावईबापू दिसत नव्हते, पण त्यांचा आवाज आला, किरकोळ आहे हो ताई. मग तूही म्हणालीस, अगदी त्यांच्याच सुरात, किरकोळ आहे ग ताई. तेव्हा मी विषय बदलला, पण आता मला भीती वाटते आहे. फार भीती वाटते आहे.

तुझा फोन त्यांच्या हातात असतो, म्हणून हे पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाचून तिथेच फाडून टाक. बुधवारी शाळा सुटताना मी फाटकापाशी उभी असेन. घरी सामान घ्यायला जाऊ नकोस, अंगावरच्या कपड्यांनिशी माझ्याबरोबर चल. आईला काय सांगायचं ते मी बघते. आणि बुधवारच्या आधी त्यांनी नुसता हात उचलला तरी ओरड. काटा रुतल्यावर ओरडली होतीस तशी. येऊ देत कुणीतरी बादली घेऊन.

तुझीच,
ताई