धूर निघत होता

चिरंजीव कोर्बिनियान,

घर तापवायला तू बसवून दिलेला बॉयलर झकास चाललाय. लाकडाच्या भुशाच्या कांड्या आपणहून ओढतो, पहाटे आपणहून पेटतो. लाकडं फोडायला नकोत, राख काढायला नको. व्हिएन्नात बसून तू फोनवर आपल्या घरातलं तापमान बघतोस, तेही झकास.

फक्त एक सांगायचं राहिलं. परवा संध्याकाळी मी तळघराच्या जिन्यावरून पडले. पाय असा मुरगळला की उठता येईना. म्हटलं, सकाळी समोरच्या उतारावरची क्रेसेन्स बघेल, आपल्या धुराड्यातून धूर नाही, आणि धावत येईल. तुझे बाबा गेले त्या सकाळी मी शेगडी पेटवली नव्हती, तेव्हा तशीच आली होती. इथे आम्ही म्हातारी माणसं एकमेकांची धुराडीच तर बघतो.

पहाटे बॉयलर पेटला.

दुपारी पोस्टमन आला म्हणून सुटले. क्रेसेन्स रडत म्हणाली, "धूर दिसला गं, नोटबुर्गाबाई! म्हटलं, बसली असशील कॉफी ढोसत!"

रात्री तू फोनवर विचारलंस, "आई, घर उबदार आहे ना?" मी म्हटलं, "हो रे."

खरं कळलं तर तू मला खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात नेऊन टाकशील. म्हणून हे पत्र धाडत नाही. पूर्वी असली पत्रं मी शेगडीत टाकायची. तुझं यंत्र कागद खात नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवते. मी नसताना कधीतरी तुला सापडेल.

घर तेव्हाही उबदारच असेल.

तुझी आई