फुटाफुटावर गाठ मारलेली दोरी

मी, अच्युत चिंतामण तळपदे, वय अठ्ठावन्न, प्राथमिक शिक्षक, राहणार गिरगाव, हा कागद कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. डोके ठिकाणावर आहे. छातीचे काही खरे नाही, असे डॉक्टर म्हणतात.

१. राहती खोली व भांडीकुंडी पुतण्या जयवंत यास. दोन वर्षांत तो एकदाही फिरकला नाही, पण मला दुसरे कोणी नाही.

२. काड्यापेट्यांचे घन, पुठ्ठ्याचे त्रिकोण व फूटपट्ट्या परळच्या माझ्या शाळेस. मात्र हेडमास्तर गंगाधरपंतांच्या कुलूपबंद कपाटात नव्हे. वस्तू हातात दिल्या की पोरे मोडतात, हे त्यांचे पालुपद. स्वतः मोजल्याशिवाय माप कळत नाही, हे मी तीस वर्षे सांगून थकलो.

३. फुटाफुटावर गाठ मारलेली दोरी गिरणी कामगार लवू गोविंद परब, लालबाग, यांस. कारण लिहिणे भाग आहे.

जानेवारी छप्पनमध्ये संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. ट्राम बंद, रस्ता रिकामा. रस्त्याची रुंदी मोजायला असा दिवस पुन्हा मिळायचा नाही, म्हणून मी चौथीची मुले बाहेर काढली. लवूंची लेक अंबिका पलीकडच्या फुटपाथवर याच दोरीचे टोक धरून उभी होती. नाक्यावर गोळीबार सुरू झाला. बाकीची मुले आत पळाली, ती हलली नाही. मी सांगेपर्यंत टोक सोडायचे नाही, असा माझ्या वर्गाचा नियम होता. "सोड" एवढेही माझ्या तोंडून फुटले नाही. मी फाटकाआड लपलो होतो. गोळी लागून ती गेली तेव्हाही टोक तिच्या मुठीत होते.

पुढे मी लेखी जबाब दिला की मुलगी न विचारता बाहेर गेली. मुलांकडूनही तेच वदवून घेतले. ते धादांत खोटे आहे. माझी नोकरी टिकली. पोरीला वळण लावले नाही म्हणून लवूंनी पत्नी सुभद्रा यांच्याशी तेव्हापासून बोलणे टाकले. त्या माउलीचा काडीचाही दोष नाही. मी भित्रा माणूस आहे.

साक्षीला मुद्दाम लवूंनाच बोलावले. त्यांना वाचता येत नाही, म्हणून सर्व वाचून दाखवले. त्यांनी दोरीच्या गाठी एकेक करून चाचपल्या. मग लेकीविषयी एवढेच म्हणाले, "माज्या चेडवान तुमचां आयकल्यान, मास्तर."

अंगठा न देता ते उठले आणि दोरी घेऊन गेले. सबब दोरीपुरते कलम तीन रद्द. बाकी मजकूर कायम.

आज सकाळी सुभद्राबाई एकट्या आल्या. उंबऱ्यातूनच नवऱ्याविषयी म्हणाल्या, "घोव बोललो माज्याशी. अंगठो खंय मारू?"

गिरगाव, मुंबई
ता. ९ मार्च १९५९

सही: अच्युत चिंतामण तळपदे

साक्षीदार:
१. मनमोहन विजयकर, शेजारी
२. सुभद्रा लवू परब, अंबिकेची आई, डाव्या अंगठ्याची निशाणी