धूमकेतूवरचे आडनाव

खाली सही करणारा मी, वय वर्षे ब्याऐंशी, वेधशाळेच्या काचविभागाचा निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या पुढच्या खोलीत, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही धाकदपटशाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माणूस सचोटीचा असल्याचा दाखला डॉक्टर देत नाहीत, म्हणून तो जोडलेला नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी घर आणि बचत वाटली होती, आणि सांगायला हवे ते गिळून टाकले होते.

१. राहते घर माझ्या मुलाला मिळावे. गेली दहा वर्षे तो "विका आणि माझ्याकडे या" म्हणतो आहे. आता खुशाल विकावे. फक्त घेणाऱ्याला मागच्या भिंतीतली ओल आधी दाखवावी. झाकून काही देऊ नये, हे मी सांगणे हास्यास्पद आहे, तरी सांगतो.

२. बँकेतल्या बचतीचे दोन सारखे भाग करून एक मुलाला आणि एक माझ्या पुतणीला द्यावा. पुतणी म्हणजे थोरल्या भावाची मुलगी, शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी मुलांना घेऊन ती माझ्याकडे येते आणि "हे माझे काका, यांच्या नावाचा धूमकेतू आहे" असे अभिमानाने सांगते. तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जातो.

३. दुर्बीण, दोन भिंगे आणि उंटाच्या केसांचा ब्रश तिच्या शाळेला द्यावा. भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसणाऱ्या मुलाला आठवडाभर दुर्बिणीला हात लावू देऊ नये.

धूमकेतूंवरचे जाडे पुस्तक समोरच्या घरातल्या निवृत्त पोस्टमास्तरांना द्यावे. धूमकेतू दिसला की संकट येते, हा त्यांचा हेका मी एकोणीस वर्षे ऐकतो आहे. मास्तर, पान बारा उघडा. धूमकेतू म्हणजे बर्फ, धूळ आणि खडे यांचा मळकट गोळा. सूर्याजवळ आला की तापतो, त्यातून वाफ आणि धूळ सुटते, तीच शेपूट. ती नेहमी सूर्याच्या उलट बाजूला असते, म्हणून परत जाताना धूमकेतू शेपूट पुढे करून जातो. तो कोणाचे वाकडे करत नाही. वाकडे करणारे खाली काचा पुसत बसलेले असतात, आणि त्यांतला एक तुमच्याशी रोज बुद्धिबळ खेळतो.

४. आता मुख्य गोष्ट. ही लिहिताना माझी मान खाली आहे.

थोरल्या भावाचे घड्याळदुरुस्तीचे दुकान त्याचे हात थरथरू लागल्यामुळे बंद पडले, तेव्हा वहिनींना मी आमच्या विभागात लावून दिले. "मीच लावून दिले" हे मी त्यांना बावीस वर्षे विसरू दिले नाही.

आमचे काम दिवसाचे. आकाशाचे फोटो तेव्हा काचेवर घेत. त्या काचा वाळून आमच्याकडे आल्या, की एकाच भागाच्या दोन निरनिराळ्या दिवशीच्या काचा यंत्रात लावायच्या आणि एकदा ही, एकदा ती अशा भराभर बघायच्या. तारे जागच्या जागी राहतात, हललेली वस्तू तेवढी टुणकन उडी मारते. नवा धूमकेतू तिथे शेपूट फुगवून येत नाही. कापसाचा तंतू पडावा तसा धूसर डाग असतो, आणि असे खोटे डाग शेकड्याने असतात. मोठ्या ताऱ्याचा प्रकाश भिंगात आपटून भलत्याच जागी उमटला, तर त्या डागाला आम्ही भूत म्हणत असू. संशयास्पद डागाभोवती काचेच्या मागच्या बाजूने शाईचे वर्तुळ काढायचे, मोजमाप वहीत लिहायचे, आणि प्रमुखाने खोटे ठरवलेले वर्तुळ ओल्या फडक्याने पुसायचे, अशी पद्धत होती. प्रमुख मी होतो.

काच क्रमांक चारशे सतरा. वहिनींनी वर्तुळ काढून, मोजमाप वहीत लिहून मला हाक मारली. आदल्या महिन्याच्या काचेवर तो डाग नव्हता.

मी म्हणालो, "भूत आहे, वहिनी. शेजारी एवढा मोठा तारा दिसत नाही का?"

"भाऊजी, भुताला कड असते हो. याला कड नाही, आणि एका अंगाला ओढल्यासारखं वाटतंय. त्याच भागाचा अजून एक फोटो मागवा की."

"दुर्बीण काय आपल्या घरची आहे? वेळ मागायचा तर कारण लागतं." असे म्हणून मी फडके फिरवले.

बारा दिवसांनी त्याच भागाची ठरलेली काच आली. भावाला न्यूमोनिया झाला होता आणि वहिनी रजेवर होत्या. मी दोन्ही काचा लावल्या. डाग तांदळाच्या दाण्याएवढा सरकला होता. भूत असे रांगेत सरकत नाही.

त्यांचे घर चालत सात मिनिटांवर होते. मी गेलो नाही. घरात आजारपण, कशाला त्रास, असे मनाशी म्हणालो, आणि टेबलावर बसून नव्या शोधांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाला पाठवायच्या तारेचा मजकूर लिहिला. धूमकेतूला शोधणाऱ्याचे नाव मिळते. नावाच्या जागी मी एकट्याचेच नाव लिहिले. कक्षा काढायला तीन वेगवेगळ्या दिवसांच्या तीन जागा लागतात. पहिली वहिनींच्या काचेवरची, दुसरी बारा दिवसांनंतरची, तिसरी दोन दिवसांनी मिळाली. पहिल्या जागेचे आकडे मी त्यांच्या वहीतून जसेच्या तसे उतरवले, कारण त्यांचे मोजमाप माझ्यापेक्षा बारीक असे. मग ते पान फाडले.

स्वतःची समजूत मी एका गोष्टीने घालत आलो. आमचे आडनाव एकच. धूमकेतूवर आडनावच लागते. म्हणजे नाव घरातच राहिले, कोणाचे काय गेले! हा युक्तिवाद मी उभ्या जन्मात कोणासमोर बोलून दाखवला नाही, यावरून तो किती पोकळ आहे हे मलाही माहीत होते.

रजेवरून आल्यावर वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या वहीतलं एक पान कमी आहे."

"निघालं असेल शिवणीतून," मी म्हणालो.

त्या दिवसापासून नवी वही मिळाली, की पहिल्या तासाला त्या सगळ्या पानांवर आकडे घालत. निवृत्त होईपर्यंत, माझ्या समोरच्या टेबलावर. ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखे होई, तरी मी तोंड उघडले नाही. धूमकेतू दर चौदा वर्षांनी परत येतो. तीनदा आला, तीनदा माझा सत्कार झाला, आणि तिन्ही वेळा वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

~~५. काच क्रमांक चारशे सतरा (विभाग बंद झाला तेव्हा भंगारातून मी घरी आणली) आणि वहीचे फाडलेले पान मी वहिनींना देतो. सर्व हकीकत कबूल करणारे माझे पत्र वकिलांनी माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांत वेधशाळेच्या संचालकांना पाठवावे.~~

६. पुढच्या खोलीतले मानपत्र भिंतीवरून काढावे. चौकट चांगली आहे, ती कोणी न्यावी.

दुरुस्ती, आजच, सहीपूर्वी:

कलम पाच मी खोडले आहे. कारण नोंदवणे भाग आहे. साक्षीसाठी डॉक्टर आणि पोस्टमास्तर यांना बोलावले होते. पोस्टमास्तरांनी वाचता वाचता कलम तीनपाशी चष्मा काढला आणि ते रागावून घरी गेले. तेव्हा मी वहिनींना बोलावणे पाठवले. तेवढ्यात आलेले वकील म्हणाले की, ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याची साक्ष चालत नाही; म्हणजे मास्तरांचीही चालली नसती. वहिनींनी तोवर कागद हातात घेतला होता. त्यांनी तो उभ्यानेच वाचला. मला वाटले, रडतील किंवा मला बोलतील.

त्या म्हणाल्या, "तुम्ही मेल्यावर मला मिळणार होय हे? मी चौऱ्याऐंशीची आहे, भाऊजी. तुमच्याआधी गेले तर?"

मी म्हणालो, "वहिनी, आडनाव तर..."

"आडनाव मला लग्नात मिळालं. तो डाग मी माझ्या डोळ्यांनी शोधला होता. माझी वस्तू मला मृत्युपत्रात देणारे तुम्ही कोण? आत्ता द्या."

मी कपाटातून काच आणि पान काढून दिले. त्यांनी पान वाचले, घडी न घालता पिशवीत ठेवले आणि पत्रासाठी हात पुढे केला.

"हे मी जाता जाता पोस्टाच्या पेटीत टाकते. आणि पोरीला मी काही सांगणार नाही. रविवारी येईल तेव्हा तुम्हीच सांगा."

मला माझ्या करणीची लाज वाटते, हे जगाला मी गेल्यावर कळावे अशी माझी तजवीज होती. ती आता मोडली आहे. संचालकांचे उत्तर येईल तेव्हा दार मलाच उघडायचे आहे. वहिनींना या मृत्युपत्राने काहीच मिळत नसल्यामुळे त्यांची साक्ष चालते, असे वकिलांनी सांगितले.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. दिनांक सतरा, गुरुवार, सकाळी साडेअकरा.

(सही) लिहून ठेवणारा

साक्षीदार पहिले: (सही) डॉक्टर. सही करणारा शुद्धीवर होता.

साक्षीदार दुसऱ्या: (सही) वहिनी, काचविभागातून निवृत्त. सही माझ्यासमोर झाली. या मृत्युपत्राने मला काही मिळत नाही. माझी काच आणि माझ्या वहीचे पान सही करणारे हयात असताना, त्यांच्या हातून, आज परत मिळाले.