गॅस माझ्या ताब्यात

बुधवार, १४ मे. सकाळी ७.
पोरगा अभिमन्यू, सून पूनम आणि नात वैष्णवी नातेपुत्याला गेली. पूनमच्या भावाचं लगीन. मी न्हाय गेले. त्या व्याह्याचं तोंड मला बघवत न्हाय. पोरगं म्हणलं, आई, चार दिवस गॅस नीट सांबाळ, ह्या खेपेला काय झालं तर परत गॅसला हात लावायचा न्हाय. मागं दूध उतू जाऊन गॅस विझला होता, त्यावरनं. ती चूक दुधाची. मी म्हणलं, बघच. सूनबाई नुसती हसली. ते हसणं मी ध्यानात ठेवलंय.

वैष्णवीनं जाताना फ्रीजवर कागद लावला. गॅसचा वास आला तर रेगुलेटर बंद. खिडक्या उघडा. बटण दाबू नका, काडी लावू नका. बाहेर जा. अक्षर एवढं मोठं, जणू मी अंगणवाडीत हाय. तिसरी शिकलेय मी. कागद काढला आणि लोणच्याच्या बरणीखाली घातला.

गुरुवार, १५ मे.
दोन वेळचा स्वयपाक केला. काय झालं न्हाय. शेजारची वच्छला दोनदा डोकावली. म्हणली, मावशी, अभिमन्यूनं लक्ष ठेवायला सांगितलंय. मी म्हणलं, तुझ्या नवऱ्यावर ठेव की. गेली.

शुक्रवार, १६ मे. सकाळी ९.
लोक खंडेनवमीला हत्यारं पुजतात. मी दर शुक्रवारी गॅस पुजते. पूनमला पटत न्हाय, म्हणून तर चुकवत न्हाय. आज घर मोकळं, सिलेंडरला आंघोळच घातली. रेगुलेटर काढला, पुसला, परत बसवला. टक वाजलं न्हाय. माझ्या हाताला कळतं, मला टक लागत न्हाय. हळद, कुंकू, झेंडू. उदबत्त्या संपलेल्या. पूनमला एक काम धड जमत न्हाय.

सकाळी १०.
घाण वास. वच्छलेनं सुकट वाळत घातली असणार, मुद्दाम माझ्या खिडकीकडं. दोन्ही खिडक्या लावल्या. दाराला कडी.

साडेदहा.
वास वाढला. केवढी सुकट खातात ही माणसं. फॅनचं बटण दाबलं तर लाईट न्हाय, सकाळपासनं न्हाय. लाईटवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या. डोकं गरगरतंय. पित्त. कापूर लावते, म्हंजे वास जाईल. काड्यापेटी कुटं ठेवली सूनबाईनं.

दुपारी १.
वच्छलेनं धक्के मारून कडी उचकटली. माझ्या हातातली काड्यापेटी हिसकली, रेगुलेटर काढला, खिडक्या उघडल्या, दंडाला धरून मला अंगणात बसवलं. म्हणली, मावशी, वास माझ्या घरापर्यंत आला, तुमी तर गेलाच असता, माझी भिंतबी गेली असती. भिंतीचीच काळजी तिला. अंगणात सुकट दिसली न्हाय. लपवली असणार.

शनिवार, १७ मे.
पोराचा फोन. कुणी कळवलं ते सांगायला नको. मी म्हणलं, वास सगळ्यात आदी मलाच आला. हे खोटं न्हाय. त्यानं विचारलं, मग खिडक्या का लावल्या. मी म्हणलं, आवाज येत न्हाय, ठेव.

रविवार, १८ मे.
सगळी आली. पोरगं वरडलं न्हाय, तेच वाईट. वैष्णवी गळ्यात पडून रडली. लगीन नीट झालं नसंल, म्हणून. ठरलं असं की पूनम कामावर जाताना रेगुलेटर काढणार आणि वच्छलेकडं ठेवणार. मी म्हणलं, तिच्या दारात मी मागायला जाणार न्हाय. मरंपर्यंत न्हाय.

मंगळवार, २० मे.
कालचा दिवस चहावाचून काढला. आज दुपारी डोकं ठणकाय लागलं. गेले. वच्छला म्हणली, मावशी, रेगुलेटर कशाला, बसा, हितंच टाकते. उंबऱ्यावर बसले. चहा बरा होता. दोन कप घेतले. निघताना तिनं विचारलं, उद्या किती वाजता येणार.
मी म्हणलं, तीनला.